उसना मामा

आमचं लग्न झालं ते नुसत्या सह्यांवर. ना अंतरपाट, ना अक्षता, ना वाजंत्री. "हे सगळं थोतांड आहे," असं आमच्या ह्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. समाजवादी ना! आणि हाच माणूस पुढं दर लग्नसराईत डोक्याला फेटा बांधून, कपाळाला कुंकू लावून, लोकांच्या मांडवात नवरीच्या मागं उभा राहू लागला. आता हसू नको तर काय करू?

त्याचं असं होतं. आम्ही राहायचो नागपूरला, महाल भागात. पण हे मजुरांची युनियन बांधत होते ती चांद्याकडच्या कोळसा खाणींवर. मजुरांच्या खोल्यांच्या रांगा कंपनीच्या जागेत. त्यांना लाइनी म्हणत. लाइनींना कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाशी काठीवाला चौकीदार. युनियनवाल्याला आत मज्जाव. पण लग्नाच्या पाहुण्याला कंपनीही अडवत नसे. मग युक्ती निघाली: ज्या घरी लग्न, त्या घरचे हे मामा! एकटा मामा बरा दिसत नाही, म्हणून पॅसेंजरमध्ये कोंबून मामीलाही न्यायचे. तिकडं बायका हळदीची गाणी म्हणत, आणि इकडं पुरुषांच्या पंगतीत आमचे मामा संप म्हणजे काय ते समजावत. बुंदी मात्र मागून मागून घेत. ह्यांचा राग भांडवलशाहीवर होता, बुंदीवर नव्हता.

एका वैशाखात खाणीत कोळशाच्या टोपल्या वाहणारी एक बाई थेट आमच्या घरी आली. तिचा नवरा खाणीचं छत कोसळून गेला होता. युनियनमध्ये बाकीच्या बायकांना हिनंच ओढून आणलं होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"भाऊ, आमच्यात मामानं हात धरून पोरीले मांडवात आनावं लागते. बाप नाही, त्यात मामाही नसला तं पोरगी जलमभर सासरचे टोमने खाईन. मले भाऊ नाही. तुमीच या."

"येतो की! नेहमी येतोच," हे म्हणाले.

"तसं नाही गा भाऊ. खरंच या."

हे हसले. मला काही हसू आलं नाही. बाई अगदी काकुळतीला आली होती.

लग्नाच्या दिवशी फाटकाशी पोचलो तेव्हा आत वाजंत्री सुरू झाली होती. चौकीदार नवा होता. त्यानं काठी आडवी धरली. "कोन होय तुमी?"

"नवरीचा मामा," हे रुबाबात म्हणाले.

त्यानं ह्यांना फेट्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "नवरीचा मामा तं मी आहो."

अगं बाई! तासन्‌तास तोंडाचा पट्टा चालवणारा माझा नवरा नुसता फेटा चाचपत राहिला. मामांचा सुळसुळाट कंपनीच्या ध्यानात आला होता, म्हणून लाइनीतली नातीगोती ठाऊक असलेला हा माणूस मुद्दाम फाटकावर आणला होता. तोच पुढं बोलला. मेहुण्याचा जीव घेणाऱ्या कंपनीची काठी हातात धरली म्हणून बहिणीनं त्याला तोडलं होतं. लग्नाचं बोलावणंही नव्हतं. सकाळपासून बिचारा बाहेर उभा राहून भाचीची वाजंत्री ऐकत होता.

आतून कोणी ओरडलं, "मामा कोठी आहे? मुहूर्त चालला!"

माझं डोकंच फिरलं. "मग इथं काय करून राहिले तुम्ही? पोरगी तिकडं खोळंबली ना!"

"बहीन हाकलते मले."

"हाकलू दे! पण जा!"

"फाटक सोडलं तं नोकरी जाते, बाई."

तेव्हा ह्यांनी काय करावं? डोक्यावरचा फेटा काढला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्या हातची काठी घेतली. तो पळत आत गेला.

आणि कंपनीचा हा हाडवैरी कंपनीच्या फाटकावर पहारा देत उभा राहिला! फाटक सताड उघडं, अडवणारं कोणी नाही, आत सगळी लाइन गोळा झालेली. "आत नाही जायचं?" मी विचारलं. "ड्यूटीवर आहे," म्हणाले.

एकाएकी वाजंत्री थांबली. काही ऐकू येईना. हाकललं वाटतं बिचाऱ्याला, म्हणून मी पदर तोंडाशी धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

अक्षता पडल्यावर नवरीची आई फाटकाशी आली. डोळे रडून लाल, हातात कुंकवाचा करंडा. ह्यांच्यासमोर उभी राहून रागानंच म्हणाली, "तुमी काहून नाही आले आत?"

"खरा मामा आला ना," हे म्हणाले.

"तो आला तं तुमी खोटे झाले काय? मले दोन भाऊ असू नये काय?"

तिनं ह्यांना कुंकू लावलं. कंपनीची काठी छातीशी धरून हे भर फाटकात लहान मुलासारखे रडले. आणि ह्यांना हसायची मला एवढी हौस, पण मीही रडले.