आपत्ती नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. सांगायला बसलो की मी आमच्या उज्जैनच्या तुरुंगाविषयीच बोलत राहतो. स्वतःपर्यंत पोचत नाही. आज तरी पोचेन का?

टावर चौकातल्या दुकानांत रंगीत टीव्ही ओळीने मांडले जाऊ लागले, ती वर्षे. तुरुंगसुधारणेसाठी नेमलेल्या समितीत मला घेतले — संस्कृतचा प्राध्यापक, म्हणजे निरुपद्रवी. समिती जी शिफारस करील, तिलाच सरकारी पैसा मिळणार होता.

बराकीत माणसे आळीपाळीने झोपत. संडास आतच, उघडा. त्याला लागून बबनराव पडलेले असत — देवास गेटजवळचे शिंपी, खटलाही सुरू न झालेले कच्चे कैदी. खोकताना रक्त पडे. माझे मराठी आडनाव ऐकून त्यांनी मला जवळ बोलावले. अंगणापलीकडची रिकामी कोठी दाखवून म्हणाले, "सर, आम्हा खोकणाऱ्यांना तिकडे हलवा ना. माझ्यापायी बाकीचे पण मरतील. मीटिंगमध्ये तेवढी बात करून टाका बरं."

मी शब्द दिला.

बैठकीत अध्यक्षांनी ठराव वाचला — त्याच कोठीचा 'मनोरंजन कक्ष' करावा, तिथे रंगीत टीव्ही बसवावा. कैद्यांनीही आता दुनिया पाहावी, असे कोणी म्हणाले, सगळे हसले. आणि मी? मी मनात वाक्य जुळवत होतो. माझ्या हिंदीत लिंगाच्या चुका होतात. 'खाँसी होता है' असे काही तोंडून गेले तर? — त्या क्षणी मला भीती होती ती एवढ्याचीच.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "प्रोफेसर साहब, आप तो कुछ बोलते ही नहीं. कोई आपत्ति?"

हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे का? संडासाशेजारी पडलेली ती मी डोळ्यांनी पाहून आलो होतो.

"जी नहीं," मी म्हणालो.

व्याकरण अचूक होते.

बबनराव त्याच जागी गेले. पुढे त्यांच्या शेजारी झोपणाराही गेला. मला अध्यक्षांचा संताप येतो, हसणाऱ्यांचा येतो — पण त्यांतल्या कुणाला बबनरावांनी जवळ बोलावले होते? लोक मला भिडस्त म्हणतात. भिडस्त! हसणाऱ्यांची भीड पडली, मरणाऱ्याची पडली नाही — त्याला भित्रा म्हणतात.

ठराव एकमताने संमत झाला. त्या एकमतात माझे मत आहे.