आतून न उघडणारी पाणबुडी

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटं तयार होत आणि माझ्या बाबांना एक सवय होती. कपाट तयार झालं की ते स्वतः आत शिरून उभे राहत आणि मी बाहेरून दार लावत असे. अंधारात कुठून उजेड येतो का ते बघायचं. उजेड दिसला म्हणजे फट आहे, आणि फट आहे म्हणजे पत्रा पुन्हा ठोकायचा. समाधान झालं की ते आतून दोनदा ठोकत आणि मी दार उघडत असे. नव्या गिऱ्हाइकांना हे नाटक वाटायचं. बाबांना काय वाटतं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पुढे लोक भिंतीतच फर्निचर करून घेऊ लागले आणि आमची कपाटं मागे पडली. अशात बदलापूरच्या पुढच्या एका रिसॉर्टचा मालक आला आणि पाणबुडी पाहिजे म्हणाला. कपाटवाल्याकडे पाणबुडी मागणारा माणूस आणि त्याला ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस, दोघंही आमच्याच भागात सापडायचे. ‘होऊन जाईल’ मी म्हणालो होतो.

पाणबुड्यांचा इतिहास मी त्याच आठवड्यात मोबाइलवर वाचून काढला. आधी माणसं त्यात बसून शत्रूची जहाजं बुडवायला गेली. मग शास्त्रज्ञ समुद्राचा तळ बघायला गेले. मग पैसेवाले तिकीट काढून बुडालेली जहाजं बघायला गेले. या प्रगतीचा पुढचा टप्पा आमच्या रिसॉर्टवाल्याला सुचला होता.

“शादी के पहले का फोटो, साईं. जोडी नीचे बैठेगी, काच में से हाथ हिलाएगी. मासे आपण सोडू.”

बारा फूट खोल टाकी, तिच्यावर लोखंडी चौकट, चौकटीला साखळीची कप्पी आणि कप्पीला टांगलेली, दोन माणसं बसतील एवढी जाड पत्र्याची खोली. एक काच समोर, एक छतात. इंजिन नाही, सुकाणू नाही. बाबा म्हणाले, “ही पाणबुडी नाही, हा पोहरा आहे.” पण काम मात्र मन लावून केलं. वजनासाठी तळाला लोखंड भरलं, दाराला रबराची पट्टी लावली, बाहेरून मजबूत हँडल बसवलं. ड्रॉइंग माझं होतं. आतल्या बाजूलाही हँडल लागेल, हे ना माझ्या डोक्यात आलं ना त्यांच्या. आम्ही जन्मभर कपाटं केली होती. कपाट आतून कोण उघडतं?

चाचणीच्या दिवशी बाबा सवयीने आत शिरले.

“आधी रिकामी सोडून बघू,” मी म्हणालो.

“मग फटी कोण बघणार?”

मी दार लावलं. जवळच्याच वाडीतला, रिसॉर्टवर बागकाम करणारा एक माणूस साखळीवर होता. तो सोडत गेला आणि माझे बाबा पाण्याखाली गेले. मी टाकीच्या काठावर उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. शेजारी रिसॉर्टवाला जाहिरातीत काय काय लिहायचं ते सांगत होता.

“ओ शेट!” साखळीवाला ओरडला. “म्हातारं आतून ठोकतंय. कवाधरनं ठोकतंय!”

त्याच्या हातातली साखळी ठोक्यांनी थरथरत होती. आम्ही तिघांनी ओढायला घेतली. कप्पी ओझं हलकं करते, पण वेळ फार खाते. हातभर साखळी ओढली की पाणबुडी बोटभर वर यायची. मग साखळीची थरथर थांबली, तरी आम्ही ओढत राहिलो.

दार उघडलं तर बाबा गुडघाभर पाण्यात उभे. बाहेर आले, पँट पिळली आणि रिसॉर्टवाल्याला म्हणाले, “फटीतून उजेड येत नाही. पाणी येतंय.”

तो हसून हसून लाल झाला. मीही हसलो, नाहीतर तिथेच रडलो असतो.

पाणबुडी हिरवळीवर ठेवायची आणि जोड्यांनी तिच्यात बसून फोटो काढायचे, असं त्याने लगेच ठरवलं. मला ते फारच पटलं. बाबांना मुळीच नाही. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. रबराची पट्टी बदलली आणि आतून हँडल बसवलं.

“पाण्याखाली ते उघडणारच नाही,” मी म्हणालो. “बाहेरून पाणी दार दाबून धरतं.”

“माहिती आहे. हाताला धरायला काहीतरी हवं.”

दुसऱ्या चाचणीच्या वेळी मी आत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. खाली हिरवट उजेड होता आणि समोरच्या काचेतून टाकीच्या फरशा दिसत होत्या. एक थेंब आत येत नव्हता. बाबांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवून सगळी पट्टी तपासली, मग पुन्हा तपासली.

“त्या दिवशी फार घाबरलो होतो रे,” ते म्हणाले.

असं काही मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

“तुम्ही ठोकलेलं मला ऐकूच आलं नाही, बाबा.”

“मला दिसत होतं ना,” त्यांनी छताच्या काचेकडे बोट केलं. “तू काठावर हसत होतास.”