परभणीतली इटली आणि जोडीची फेरी

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा छाती फुगवून सांगतं. या म्हणीत इटलीला जागा नव्हती. ती मी करून दिली. भर दुपारी, बोरीच्या बाजारपेठेत, पुण्यात कांदा उतरवून परत आलेल्या टेम्पोतून.

टेम्पोचं फाळकं पडलं आणि आत ती उभी. लालभडक, कमरेत बारीक, नाक जमिनीकडं रोखलेलं, जणू आत्ताच झेप घेणार. वय माझ्या लग्नाएवढं, पण लग्नापेक्षा बरीच चकाकी राखलेली. अशा इटालियन मोटरसायकली देशात बोटांवर मोजाव्या इतक्याच. पुण्याच्या एका डॉक्टरांनी ती लेकीसारखी सांभाळली होती. तिच्यावर ओणवं बसून त्यांची कंबर गेली, म्हणून विकली. सौदा झाल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमच्याकडे रस्ते आहेत ना?"

"आहेत की," मी म्हणालो, "मधून मधून."

गाडी खाली घेतली आणि जमलेल्या गर्दीसमोर मी नाटकातल्या राजासारखं बटण दाबलं. या गाडीचा क्लच तेलात बुडालेला नसतो, कोरडाच असतो. त्यामुळं उभ्या गाडीत तो खणाखणा वाजतो. शौकीन लोक त्या आवाजावर जीव ओवाळून टाकतात. आमच्या शेजारच्या काकांनी कानावर हात ठेवले.

"भांड्याची पाटी पडल्यावानी वाजायली की रे! फसवलं तुला पुणेवाल्यानं."

"काका, तिचा आवाजच तसा हाय."

"बरं. ॲव्हरेज किती देती?"

खरं सांगितलं असतं तर काकांना धरून खाली बसवावं लागलं असतं. "इटलीत असं विचारत नसतात," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको शाळेतून आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं स्कूटी लावली, पर्स खांद्यावरच ठेवून गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मी टाळ्यांची वाट बघत होतो.

"देखणी हाय," ती म्हणाली. मग सीटवर बोट ठेवलं. "मी कुठं बसू?"

मी टायर बघितले होते, साखळी बघितली होती, कागदपत्रं तर पाठच झाली होती. सीट एकच आहे, हेही बघितलं होतं. पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला तो तिनं बोट ठेवल्यावर.

आमच्या घरची एक रीत आहे. दारात गाडी आली की तिची पूजा करायची आणि पहिली फेरी जोडीनं, गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत. वडिलांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा आई मडगार्डवर बसून, पदर सावरत गेली होती. ती फेरी झाल्याशिवाय गाडी घरची होत नाही.

"दसऱ्याला पूजा करू," बायको म्हणाली. "जोडीनं फेरी झाली तर ती आपली. न्हाई झाली तर आली तशी टेम्पोत घालून पुण्याला."

मी हातपाय मारले. पुण्याला फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, मागं गादी लावायची सोयच नाही. जिंतूरच्या गादीवाल्याला आणलं. सीटच्या मागून, शेपटाखालून सायलेन्सरची दोन गोल तोंडं बाहेर येतात. त्यानं गाडी चालू करायला लावली, तिथं हात धरला आणि झटकन मागं घेतला. "भाऊ, इथं वहिनीला बसवायचं? पापडावानी भाजतेल."

शेवटी मी वकिली केली. जोडीनं म्हणजे शेजारी शेजारी. तू स्कूटीवर, मी हिच्यावर. बायकोनं विचार केला. "चालंल. पण मारुतीपर्यंत माझ्या संगं राहायचं. पुढं पळायचं न्हाई. कोणाचीबी गाडी बंद पडली की फेरी मोडली."

दसऱ्याला तिनं हौसेनं पूजा केली. चाकाखाली लिंबू, टाकीवर हळदीकुंकू आणि गाडीच्या नाकावर झेंडूचा हार. हार कसला, ती झेंडूची भिंतच. गाडीचं आख्खं तोंड झाकलं. मीही "वा वा" म्हणालो. त्याच तोंडातून ती गार वारा आत घेते, हे त्या थाटात मी साफ विसरलो.

निघालो. पुढं बायको, पायाशी नारळाची पिशवी, वेग सायकलचा. मागं मी, जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एकीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवत. ऊन चांगलं तापलेलं. इंजिनच्या तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेवर गेला आणि अर्ध्या वाटेत झेंडूतून चहाच्या किटलीसारखी वाफ फुसफुसायला लागली. मी गाडी निंबाखाली घेतली, इंजिन बंद केलं. माळ एकदम शांत झाला. डोळ्यापुढं टेम्पो आला.

बायको वळून परत आली. "कामून थांबलाव?"

तिनं वाफ बघितली, मग हार बघितला, मग माझं तोंड. आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"नाक दाबलं होय मी तिचं! तुमाला तरी कळू न्हाई?" तिनं हार सोडवला. चार फुलं उकडून मऊ झाली होती. "नवी सून हाय. आपल्या रीती सोसायला वेळ लागंल तिला."

"पण फेरी..." मी पुटपुटलो.

तिनं तोच हार स्कूटीच्या हँडलला बांधला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "हार तिचा, नारळ तिचा, म्हणजे फेरी तिचीच. बसा मागं."

असा मी, इटालियन मोटरसायकलचा मालक, हेल्मेट घालून, मांडीवर नारळ घेऊन, बायकोच्या स्कूटीवरून मारुतीला पोचलो. पायरीवर काका आधीच बसलेले. त्यांनी वाटेकडं लांबवर बघितलं.

"इटली कुठं हाय?"

"निंबाखाली. गार व्हायली."

काकांनी हार घातलेल्या स्कूटीकडं मोर्चा वळवला. "आन ही किती देती?"

"पन्नास," उत्तर बायकोनं दिलं. माझ्या हातातला नारळ घेतला आणि दगडावर एका फटक्यात फोडला. "आन मागं माणूस बी बसतो."