यादीबाहेरचं पुडकं

आमच्या सामानखोलीत जिवंत माणसाचं सामान येत नाही. लढाईत शिपाई गेला की काही दिवसांनी त्याची ट्रंक येते. वर्दी, बूट, पट्टा हे सगळं सरकारी, ते काढून कोठारात जमा करायचं. उरलेलं त्याचं स्वतःचं: शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, पत्रं. कपडे धुऊन इस्त्री करायचे, यादी करायची, तिच्यावर दोघांनी सह्या करायच्या आणि ट्रंक घरी पाठवायची. पहिली सही हवालदारांची, दुसरी माझी. मी साधा कारकून. वर्दी माझ्या अंगाला कधी लागली नाही.

हवालदार या खोलीत आले ते हात निकामी झाल्यावर. उजव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. तो निघाला, पण कोपरापासून खाली हात बधिर राहिला. बोटं हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. एकदा इस्त्री करताना तळहात पोळला, ते त्यांना वासावरून समजलं. "काय जळतंय रे?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी ओरडलो, तर म्हणाले, "तू कशाला ओरडतोस? मला दुखत नाहीये."

बंदूक धरता येत नाही म्हणून त्यांना 'बसून करायचं काम' दिलंय, असं कागदावर लिहिलं होतं. ज्याने हे शब्द शोधून काढले त्याला एक दिवस आमच्या खोलीत बसवायला हवं होतं. मेलेल्या पोराच्या खिशातून अर्धी गोळ्यांची पुडी निघते, ती यादीत कशी लिहायची ते त्याने सांगावं. दर दोन वर्षांनी डॉक्टरांचं मंडळ बसायचं आणि हवालदार राहणार की घरी जाणार ते ठरवायचं. जखमी सैनिकाबद्दल भाषण करताना सगळ्यांचे गळे दाटून येतात. तोच माणूस शेजारच्या टेबलाशी येऊन बसला की म्हणतात, जागा अडवली. गरज सरो, वैद्य मरो. नवे साहेब तर माझ्यासमोरच म्हणाले, "धडधाकट माणसं मिळतायत, मग हा कशाला?"

हवालदारांना राहायचं होतं. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत, पण हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. "घरी मी नुसता भिंतीकडे बघत बसेन. इथे निदान हाताला काम आहे." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्या हाताकडे बघून म्हणाले, "म्हणजे, डाव्या."

सोबत काम करून वर्ष झालं असेल. एका ट्रंकेची यादी ताडून बघताना तळाशी मला कागदात गुंडाळलेलं पुडकं सापडलं. यादीत ते नव्हतं. उघडलं, तर आत बनियन, घामाने कडक झालेला, न धुतलेला. मी म्हटलं, "हवालदार, हे राहिलंय."

"राहिलेलं नाही. ठेवलंय."

मग त्यांनी सांगितलं. जखमी झाले तेव्हा ते चार आठवडे दुसऱ्याच पलटणीच्या दवाखान्यात बेशुद्ध पडले होते. इकडे त्यांचं नाव गेलेल्यांत लागलं आणि ट्रंक घरी गेली. माणूस जिवंत असल्याचं पत्र तिच्यानंतर अकरा दिवसांनी पोचलं. "बायको म्हणते, ट्रंक दारात आली तरी मला खरं वाटलं नव्हतं. उघडली, एकेक कपडा नाकाला लावला. सगळ्यांना साबणाचा वास. तुमचा कशालाच नाही. तेव्हा पटलं, तुम्ही गेलात." हे सगळं त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "म्हणून मी प्रत्येक ट्रंकेतला एक कपडा न धुता ठेवतो. तुला सही करायची नसेल, तर नको करूस."

मी सही केली. त्यानंतरही प्रत्येक यादीवर करत राहिलो.

सहा वर्षं कुणाची तक्रार आली नाही. सातव्या वर्षी एका शिपायाच्या वडिलांचं पत्र आलं. पोराचा मळका शर्ट कागदात कोंबून पाठवलात, जिवंतपणी नाही तर नाही, मेल्यावर तरी त्याला नीट वागवायचं होतं, असं लिहिलं होतं. म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. मंडळ बसायच्या आठवड्यातच ते पत्र आलं आणि साहेबांनी ते हवालदारांच्या कागदांना टाचलं.

मंडळापुढे मलाही याद्यांची वही घेऊन उभं केलं होतं. टेबलामागे तीन डॉक्टर, बाजूच्या खुर्चीत साहेब. मोठ्या डॉक्टरांनी पत्र पुढे सरकवलं. "हे कसं झालं?"

मुद्दाम केलं म्हटलं असतं तर हुकूम मोडल्याचा ठपका आला असता, आणि यादी खोटी ठरून तो माझ्यावरही आला असता. हवालदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हातामुळे, साहेब. धुवायला द्यायचा म्हणून गुंडाळून ठेवला होता. बाकीच्यांबरोबर ट्रंकेत गेला. हाताला कळत नाही काय उचललं ते."

"दुसरी सही कुणाची आहे?"

"याची. पण ट्रंक मी भरतो. हा नुसती यादी वाचतो."

मी वही घेऊन उभा राहिलो. मला वाटत होतं की बोलावं, आणि मी बोललो नाही. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी हुकूम आला: हाताच्या अवस्थेमुळे कामास अपात्र. हवालदारांनी डाव्या हाताने इस्त्रीची वायर गुंडाळली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खिसे नीट बघत जा."

तीन आठवड्यांनी त्याच घरून दुसरं पत्र आलं. शिपायाच्या आईचं होतं. 'कागदातला शर्ट आमच्या यांनी रागाच्या भरात धुऊन टाकला. मी बाहेर गेले होते. तोवर मी एकदाच तो नाकाशी धरला होता. तसं अजून काही असेल तर पाठवा. धुऊ नका.'

ते पत्र घेऊन मी हवालदारांच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. ते खुर्चीत बसले होते, समोर भिंत. भिंतीवर काही नव्हतं. वहिनींनी पाणी दिलं, माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग पदराने डोळे पुसून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

हवालदारांनी पत्र डाव्या हातात घेतलं. मग म्हणाले, "त्याची वर्दी कोठारात असेल. ती धुवायला गेली का?"

"मागच्या सोमवारी गेली."

"टोपी?"

"तीसुद्धा."

"मग नाही."

मी म्हटलं, "मी परत साहेबांकडे जातो. हे पत्र दाखवतो. सगळं खरं सांगतो, माझ्या सहीसकट." हे बोलायला मला तीन आठवडे लागले होते आणि माझी मलाच लाज वाटली.

"जा हवं तर," ते म्हणाले. "त्याने त्या बाईला शर्ट मिळणार नाही."

वहिनींनी टेबलावर कागद आणि पेन आणून ठेवलं. "भावजी, आधी त्यांना कळवा. काही उरलं नाही म्हणून स्पष्ट लिहा. आजच टाका. नाहीतर रोज दारात बघत बसतील."

हवालदार सांगत गेले, मी लिहीत गेलो. चारच ओळी झाल्या. खाली मी सवयीने दोन सह्यांची जागा सोडली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"तुझीच कर," ते म्हणाले. "मी आता तिथे नाही."