बारशाला आत्या म्हणून गेलो

परवाच्या शनिवारी इथे अमेरिकेत, प्लेनोमध्ये एका मुलीचं बारसं झालं, आणि तिची आत्या मी होतो. वय एकतीस, दाढी आहे, लग्न नाही... तरीही. (नावं बदलली आहेत आणि मुलीच्या बापाला विचारूनच लिहितोय.)

मुलगी माझ्या मित्राची, नीलेशची. खरी आत्या म्हणजे त्याची मोठी बहीण सुनीताताई, नागपूरला शाळेत शिकवते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा... पण रजा मिळत नाही, असं तिने कळवलं.

तेव्हापासून नीलेश तिच्यावर रुसलेला. एकुलता एक भाऊ, आणि हिला रजा मिळत नाही... हे तो रोज लंचला मला ऐकवायचा. मी सँडविच खात ऐकून घ्यायचो.

त्याची बायको प्राची म्हणाली, बारशाच्या वेळी ताईंना फोन लावू. तर हा म्हणे, कशाला, तिला कुठे वेळ असतो. शेवटी प्राचीनेच परस्पर ताईशी बोलून मार्ग काढला. ताईने आपल्या मोबाइलवर नाव रेकॉर्ड करायचं, मुलाकडून मेल करून घ्यायचं, आणि आपण ते बाळाच्या कानाशी वाजवायचं.

इथे माझी एन्ट्री. गेल्याच महिन्यात मी नवा अँड्रॉइड फोन घेतलाय आणि तो नको तितक्या लोकांना दाखवलाय. त्यामुळे फाइल कन्व्हर्ट करून फोनवर टाकायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. वर प्राचीच्या आईची, म्हणजे काकूंची, ताकीद... पाळण्याआधी नाव कुणी ऐकायचं नाही. मी आवाज बंद करून फाइल चालवली, सेकंद पुढे सरकताना दिसले, म्हटलं झालं काम.

या फोनची एक तऱ्हा आहे. नुसती केबल लावून कॉम्प्युटरला काही दिसत नाही. स्क्रीनवरची पट्टी खाली ओढायची, मेमरी कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचं, मग फाइल टाकायची. तेवढा वेळ फोनला स्वतःचंच कार्ड सापडत नाही... घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन दारात बसल्यासारखं.

शनिवारी बॅटरी संपत आली म्हणून फोन माझ्या लॅपटॉपला जोडून ठेवला होता. काकूंना सजवलेल्या पाळण्याचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघायचे होते, म्हणून कार्डही लॅपटॉपला दिलेलं. तेवढ्यात वेळ झाली, बायका पाळण्याभोवती जमल्या, मला हाक आली... आणि मी सरळ केबल उपटली.

फोन म्हणाला, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का?

घरातले झाडून सगळे पुरुष आयटीतले. रीस्टार्ट कर, कार्ड काढून परत घाल... प्रत्येकाकडे उपाय होता आणि एकही चालला नाही. नीलेश म्हणाला, "राहू दे यार, मीच सांगतो काहीतरी नाव." प्राचीचा चेहरा पडला. ताईच्या वाट्याची एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी घालवत होतो.

फाइल लॅपटॉपवर होतीच म्हणा. लॅपटॉप उचलला, पाळण्यात मुलीच्या डोक्याशी धरला आणि प्ले केलं. गडबडीत आवाज फुल होता. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते बायकांनी मला घातले... कुणी हात आखडता घेतला नाही.

"कुर्रर्र... रेवा," ताईचा आवाज घरभर घुमला. टाळ्या झाल्या. मला वाटलं, संपलं.

"रेवा, आता हे तुझं-माझं हं, बाबाला सांगायचं नाही. मी येणार होते गं. रजा मिळाली होती. मुंबईला जाऊन आले व्हिसाला. खिडकीमागच्या साहेबाने विचारलं, कशासाठी जाताय? म्हटलं, भाचीच्या कानात नाव सांगायला. त्याने नाही म्हणून पासपोर्ट परत दिला. बाबाला मी रजेचंच सांगितलंय. खरं कळलं तर तो स्वतःलाच बोल लावत बसेल. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेला परवडला..."

बंद करायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी लॅपटॉप धरलेला, खाली बाळ.

रेकॉर्डिंग संपलं. मग काकूंनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी सूर धरला. त्या बाईंचे उपकार आहेत.

नीलेश गॅरेजमध्ये गेला. मी मागे गेलो, सॉरी म्हणायला. तो फोनवर होता, पाठमोरा, फ्रीझरला टेकून. रडत होता, पण आवाज नेहमीचा ठेवला होता.

"ताई, नाव छान आहे... हो, सगळ्यांना आवडलं. ऐक ना, कान तुझ्याकडेच टोचायचे. मे महिन्यात घेऊन येतो तिला. तुझ्या शाळेला तेव्हा सुट्टीच असते ना... म्हणजे रजेचा प्रश्न नाही."

मे महिन्यात नागपूर, तेही तान्ह्या बाळाला घेऊन. सॉरी न म्हणताच मी परत आत आलो.

नीलेशच्या सांगण्यावरून फाइल नावापर्यंतच कापली आणि सगळ्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी ताईने मुलाच्या मेलवरून मला विचारलं, नावाच्या पुढचं काही वाजलं नाही ना?

मी लिहिलं, आम्हाला ऐकू आलं नाही ताई, ऐकलं असेल तर बाळानेच... आम्ही बाकीचे टाळ्या वाजवत होतो.