शंभूला ताप येत नव्हता

राजेश्वरी कराडच्या एका कॉलेजात शिकवायची. त्याआधी पुण्यात आणि मग परदेशात तिनं तरुणपणाची वर्षं एकाच कामात घातली होती. जंतू अंगात शिरला की पेशीतली काही प्रथिनं एकमेकांवर जिन्यासारखी रचली जातात आणि शरीराला धोक्याचा निरोप जातो. ताप येतो, सूज चढते, ते त्यामुळं. ही ताकद माणूस जन्मतःच घेऊन येतो. त्या प्रथिनांचे स्फटिक करून त्यांचा आकार शोधायचा, हे तिचं संशोधन. तिची आई राहीबाई गावात सांगायची, "पोरगी तापावर शिकल्या."

धाकटा भाऊ धैर्यशील फौजेत होता. त्याची बायको सृष्टी सख्ख्या मामाची मुलगी, वाळवा तालुक्यातली. त्या लग्नात राजेश्वरीही हौसेनं नाचली होती. त्यांचा शंभूराज चार वर्षांचा झाला, तरी त्याला कधी ताप आला नाही. गळवं मात्र सारखी व्हायची.

"आमच्या शंभूला ताप म्हंजी काय ठावं न्हाई," राहीबाई म्हणायची. "लय कणखर हाय."

एका दुपारी आईचा फोन आला. पोरगं मान दुखतेय म्हणून पडून होतं.

"ताप आहे का?" राजेश्वरीनं विचारलं.

"न्हाई गं. अंग गार हाय."

"मग झोपू दे. उद्या येते मी."

सकाळी शंभू उठेना. मिरजेला नेईपर्यंत उशीर झाला होता. मेंदूच्या आवरणात पू झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. धैर्यशील काश्मीरहून पोचला तो थेट स्मशानात.

महिन्याभरानं राजेश्वरी वर्गावर गेली. फळ्यावर तिनं नेहमीचा जिना काढला आणि दरवर्षीचं वाक्य बोलायला लागली. "यातलं हे एक प्रथिन बिघडलेलं असेल, तर जंतू आत शिरूनही मुलाला ताप..."

पोरं वाट बघत राहिली. ती खडू हातात तसाच धरून वर्गाबाहेर पडली.

त्याच संध्याकाळी ती गावी, माहेरच्या घरी गेली. सृष्टीच्या मांडीवर शंभूची धाकटी बहीण, आठ महिन्यांची शिवन्या होती.

"हिचं रक्त तपासायला पाठवायचं," राजेश्वरी म्हणाली. "शंभूला जन्मतःच दोष असणार, म्हणून त्याला ताप येत नव्हता. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या की हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात तसं होण्याची भीती जास्त."

राहीबाई ताडकन उठली. "माझ्या भावाच्या रक्तात खोट काढतीस? तुझ्या शिक्षणानं पोरगं वाचलं न्हाई, आन आता खापर आमच्या माथी?"

"आपल्या रक्तात आहे, आई. माझ्यातही असेल."

"फोनवर तूच म्हणालीस, झोपू दे म्हणून."

सृष्टी मात्र हळू आवाजात म्हणाली, "पाठवा आक्का रक्त."

तपासणीत शिवन्यालाही तोच आजार निघाला. रोजचं प्रतिजैविक सुरू झालं, लशी झाल्या. राजेश्वरीनं सृष्टीला बजावलं, "थर्मामीटर बघू नकोस. पोर मलूल दिसली की गाडीत घाल." राहीबाईनं लेकीशी बोलणं टाकलं. नातीला रोज औषध पाजताना बघितलं की ती पदर तोंडाला लावून मागच्या दारी जायची.

दीड वर्षाची असताना शिवन्या एकदा खेळता खेळता आडवी झाली. अंग गारच होतं. सृष्टीनं शेजारच्याची गाडी काढायला लावून तासाभरात मिरज गाठली. पोर वाचली, पण तिला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात धैर्यशील सुट्टीवर आलेला तसाच बॅग पायाशी ठेवून बसला होता.

"आक्का, असं कवापर्यंत जपायचं?"

"चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत. मोठी झाली की धोका बराच कमी होतो."

"कशानं कमी होतो?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही रे."

त्यानं मान हलवली. आत शिवन्या जागी झाली होती आणि सृष्टी तिच्यासमोर टाळ्या वाजवत होती. पोर आईच्या हातांकडे बघून हसत होती.