तिसरं अपत्य

माझ्या जन्मदात्या आईला मी मावशी म्हणते. यात लपवाछपवी कधीच नव्हती. मी वाढले अष्टमीत, रोह्याच्या पुलापलीकडे, मावशीच्या धाकट्या बहिणीच्या घरी. तिला मूल होत नव्हतं. मावशीला एक मुलगा आणि एक मुलगी आधीच होती, तिसरी मी. अंगावरचं दूध सुटेपर्यंत मावशीने मला ठेवलं, मग घरात पूजा घालून बहिणीच्या ओटीत दिलं. पेणजवळच्या मावशीच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक. सुट्टीत गेले की बायका म्हणायच्या, "आली गो रोह्याची पोर," आणि आधी माझं नाक बघायच्या, मग मावशीचं. मला त्याचं काही वाटत नसे. मला आई होती, कंपनीतून शिफ्ट संपवून येणारे बाबा होते. आणखी कोणी हवं आहे असं कधी मनात आलं नाही.

मावशी ग्रामपंचायतीवर निवडून आली तेव्हा मी एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले होते. भात आणि वालाच्या शेतात आयुष्य गेलेली बाई, पण सभेत उभी राहिली की हटायची नाही. वरच्या वाडीतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन खाली विहिरीवर यायच्या. त्यांच्या दारात नळ यावा म्हणून ती पेणला इतक्या वेळा गेली की पंचायत समितीतले लोक तिला बघून स्वतःच खुर्ची पुढे करू लागले. नळ आला. त्या दिवशी मावशीने मला फोन करून पाण्याचा आवाज ऐकवला होता.

तक्रार घरातूनच झाली. मावशीच्या चुलत दिराची बायको निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभी राहून हरली होती. हा चुलत दीर म्हणजे माझा काकाच. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं. त्याने अर्ज केला की हिला तीन अपत्यं आहेत, हिचं सदस्यत्व रद्द करा. नियम तसा आहेच. ठरलेल्या तारखेनंतर दोनाच्या वर मूल झालं, तर पंचायतीत बसता येत नाही. मी त्या तारखेनंतरची.

मावशीने पेणमधला वकील गाठला. आई आणि मी रोह्याहून गेलो. वकील तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले.

"सगळा प्रश्न एका शब्दाचा आहे," ते म्हणाले. "अपत्य म्हणजे कोण? आपण म्हणायचं, कायद्याने जे तुमचं, ते अपत्य. दत्तक गेलं की मूल जन्माच्या घरातून सुटतं. तिकडे वारसा, तिकडे नाव. मग यांना अपत्यं किती? दोन. शब्द ताणायचा नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला विचारलं, या कोण, तर काय सांगाल?"

"मावशी," मी म्हटलं.

"झालं. खोटं बोलायचीही गरज नाही."

आईने सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. ती इतके दिवस कशाला घाबरत होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशीची जागा राहते की जाते, याची तिला काळजी होतीच. पण कुणीतरी मोठ्या खुर्चीवर बसून मी तिची नाही असं म्हणेल, याने तिची झोप उडाली होती.

सुनावणी अलिबागला होती. मावशीच्या मुलाने, म्हणजे मी ज्याला दादा म्हणते त्याने, गाडी केली. वडखळ गेलं, धरमतरचा पूल आला, खाली मालवाहू बार्ज भरतीची वाट बघत उभे होते. मावशी आणि आई मागे एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मी पुढे.

अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी मावशीला विचारलं, "तुम्हाला अपत्ये किती?"

"दोन."

"आणि ही मुलगी?"

"बहिणीची हाय."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या वकिलांनी मग वारसा, दत्तक, कायद्याने तुटलेलं नातं हे सगळं मांडलं. या मुलीचा या बाईंशी आता काहीही संबंध उरत नाही, असं ते दोनदा म्हणाले. मी मान हलवत होते. आमच्या बाजूचंच बोलणं होतं ते. तरी दुसऱ्यांदा ऐकताना माझी मान हलायची थांबली.

काकाचे वकील वयस्क होते. त्यांनी मावशीला एकच विचारलं, "बाई, तुमची बाळंतपणं किती?"

आमचे वकील हरकत घ्यायला उठले. अधिकाऱ्यांनी त्यांना हाताने बसवलं. मावशीने पदर नीट केला.

"तीन," ती म्हणाली.

"साहेब, हा नियम कशासाठी केला? घरात मुलं कमी जन्मावीत म्हणून," ते वकील म्हणाले. "उद्या प्रत्येक उमेदवार तिसरं मूल नातेवाइकाकडे देईल आणि म्हणेल, माझी दोनच. अपत्य म्हणजे पोटी आलेलं. ते कुणाच्या घरी वाढलं, कुणाचं नाव लावतं, याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही." मग ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही मुलगी यांच्याच पोटची. यांचीच मुलगी आहे ती. कुणालाही दिली म्हणून ते पुसता येत नाही."

माझे कान तापले. गावातल्या बायका नाकं बघत, हसत, पण हे वाक्य चारचौघांत, इतक्या सरळ, कधी कुणी बोललं नव्हतं. आणि मला बरं वाटलं. मावशीची जागा घालवायला आलेला माणूस बोलत होता, काका समोर समाधानाने बसला होता, माझी आई माझ्या शेजारी होती, आणि मला आतून इतकं बरं वाटलं की मी खाली बघितलं. त्या वकिलांनी पुन्हा तसंच बोलावं असंही वाटलं.

परतताना वडखळला चहाला थांबलो. मावशी आणि दादा टपरीकडे गेले. आई गाडीतच बसून राहिली.

"तो माणूस बोलत होता तेव्हा तू हसलीस," ती म्हणाली.

"नाही गं. काहीतरीच काय."

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसली. रोह्याला पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी स्वतःला सांगत होते की चेहऱ्यावर माणसाचा ताबा नसतो. पण शरम जाईना.

निकाल गणपतीनंतर आला. अपत्य या शब्दाचा अर्थ नियमाच्या हेतूप्रमाणे घ्यायचा, दत्तक दिल्याने जन्म मोजणीतून वजा होत नाही, असं त्यात होतं. मावशी अपात्र. मी तो निकाल दवाखान्याच्या काउंटरवर मोबाइलवर वाचला. मला त्यात काही चुकीचं दिसेना. दोनच मुलं असावीत असं म्हणणाऱ्या नियमाला माझी पूजा, माझी ओटी कशी दिसणार? पण मावशीने मला दिलं ते काही निवडणुकीसाठी नव्हतं. बहीण रडत होती म्हणून दिलं. गावात मात्र आता असंच बोलू लागले की खुर्चीसाठी पोरगी देऊन टाकली. ज्या वाडीत तिने नळ नेला त्या वाडीतसुद्धा.

वर अपील करा, असं वकिलांनी सांगितलं. मावशी नको म्हणाली. रिकाम्या जागेवर काकाची बायको बिनविरोध आली.

वालाच्या शेंगा तोडायच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले. दुपारी आम्ही दोघीच ओटीवर शेंगा सोलत होतो, मावशी दुखऱ्या गुडघ्यामुळे पाय लांब करून. माझ्या तोंडून निघून गेलं, "किती पटकन सांगितलंस, बहिणीची हाय म्हणून."

ती थांबली. "मग काय सांगू? ती तिथं बसलेली."

"जागेसाठी सांगितलंस ना?"

"जागा?" ती म्हणाली. "जागेसाठी सांगायचं असतं तर बाळंतपणं दोनच सांगितली असती गो. कोण बघायला आलं होतं? तुझ्या आयशीसमोर मी 'माझी' म्हटलं असतं, तर ती त्या बाकावर जिवंत राहिली नसती. तिला दिली ती दिली. परत मागायची नाय, तोंडानंपण नाय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या खोलीत शब्द कुठे ताणायचा आणि कुठे आखडायचा यावर तास गेला होता. तिने मात्र आपल्या बहिणीचा विचार केला, आणि मी फक्त माझा.

संध्याकाळच्या गाडीने मी रोह्याला आले. आई भाकऱ्या करत होती. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं, "तेव्हा मी हसले होते. मला बरं वाटलं होतं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"वाटणारच," ती म्हणाली. "जन्म दिलाय तिने. पण मी शेजारी बसलेली असताना नको होतं वाटायला."

तिने भाकरी शेकून माझ्या ताटात घातली आणि मावशीचा गुडघा आता कसा आहे ते विचारलं. मी सांगितलं, अजून दुखतोय, जिना चढवत नाही. रविवारी जाऊन तेल लावून येऊ, ती म्हणाली, दोघी जाऊ.